धुराची स्कॉच, मुलुंड पश्चिम

मुंबईच्या माणसाकडून धुराचे पैसे घ्यायचे म्हणजे छाती पाहिजे. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लॅफ्रॉइग डिस्टिलरीकडे ती आहे. 1815 पासून हे लोक बार्लीला धुरी देतात आणि त्याची व्हिस्की करून जगभर खपवतात. आमच्या अंधेरीवाल्याने लंडनहून येताना ड्यूटी फ्रीमधून एक बाटली उचलली आणि शनिवारी मुलुंडला माझ्याकडे बसायचं ठरलं.

"कुठली म्हणालास?" बोरिवलीवाल्याने विचारलं.

"आयला."

"अरे, साधं विचारलं तर चिडतोस कशाला?"

बाटली उघडण्याआधी प्रवचन झालं. बेटावर झाडं कमी, म्हणून जळणाला पीट. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं, धड न कुजलेलं गवत आणि शेवाळ. भिजवून मोड आणलेली बार्ली त्याच्या धुरावर वाळवली की धुरातलं फिनॉल दाण्यात मुरतं. ते मोजतातही: दहा लाखांत चाळीस-पंचेचाळीस भाग. मोड आणण्यापर्यंतचं आम्हाला पटलं, घरोघरी मटकी असते. पुढचं ऐकेपर्यंत बर्फ वितळला. तोही चालत नाही म्हणे; पाणी घालायचं तर थेंबाथेंबाने.

अखेर ग्लासात नाक घालायची परवानगी मिळाली. "समुद्र, राख, थोडा मध," अंधेरीवाला डोळे मिटून म्हणाला. "टिंक्चर आयोडीन," बोरिवलीवाला म्हणाला, "शाळेत गुडघा फुटला की लावायचे ते." घाटकोपरवाल्याने बराच वेळ हुंगलं आणि एवढंच म्हणाला, "देवनार." जानेवारी 2016 मध्ये तिथलं डम्पिंग पेटलं तेव्हा धूर नासाच्या उपग्रहाला दिसला होता. ह्याच्या तर हॉलमध्येच होता, आणि फुकट.

टिंक्चरवाल्याचं अगदीच चूक नाही. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा लॅफ्रॉइग औषध म्हणून आत जायची, असं सांगतात. वास घेतल्यावर कस्टमवाल्यांनाही शंका उरत नसे. आपण त्यांना हसायचं कारण नाही. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि त्याखाली प्यायचा परवाना मिळतो तो प्रकृती सांभाळण्यासाठी. म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही चौघे कायद्याने पेशंटच होतो, आणि औषधाला औषधाचा वास येत होता, इतकंच.

चखण्यात खारे शेंगदाणे हरले. चकलीही हरली. मग बोरिवलीवाल्याने पिशवीतून सुके बोंबील काढले, चिमट्यात धरून थेट गॅसच्या ज्योतीवर फिरवले, कडा काळ्या पडून चुरचुरेपर्यंत. हातानेच मोडले, वर बारीक कांदा, लाल तिखट, कच्चं तेल, लिंबू. एक तुकडा, एक घोट. दोन्ही धुरांची जुनी ओळख असावी. व्हिस्की एकदम गोड लागायला लागली! हे प्रवचनात नव्हतं. अंधेरीवाल्याने गुपचूप दुसरा बोंबील घेतला आणि घाटकोपरवाल्याने देवनार मागे घेतलं.

तेवढ्यात बेल वाजली. सेक्रेटरी. आमची सोसायटी बहुतांशी शाकाहारी.

"कसला धूर येतोय?"

मी प्रसंगावधान राखून ग्लास पुढे केला. "स्कॉच आहे, काका. धुराचीच असते."

त्यांनी ग्लास हुंगला. चेहरा निवळला. "मग हरकत नाही. मला वाटलं, कोणी बोंबील भाजतंय."

ज्यांना ड्यूटी फ्रीवाला मित्र नाही, त्यांनी गोव्याच्या पॉल जॉनची किंवा बंगळुरूच्या अमृतची पीटेड बाटली बघावी. धूर पुरेसा असतो. बोंबील मात्र आपापले न्यावेत, आणि भाजताना स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यावी.