धाकटीला फ्लॅशबॅक नसतो

मराठी मालिकेत दोन बहिणी असल्या की त्यातली आपली कुठली, हे पहिला संवाद ऐकायच्या आत कळतं. जिच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा येतो आणि दरवेळी बासरी वाजते, ती आपली, बहुधा थोरली. दुसरीच्या वाट्याला एक वर चढलेली भुवई, मागे ढणढणाट आणि मनातल्या मनात मोठ्याने बोलायची मुभा. अख्खं कारस्थान ती स्वतःच सांगून टाकते. पण ती अशी का झाली, हे सहाशे भाग उलटले तरी कुणी विचारत नाही. बालपण थोरलीलाच असतं. त्यात धाकटी दिसलीच तर बाहुलीचा हात उपटताना.

२०१९ साली 'स्टार प्रवाह'वर 'रंग माझा वेगळा' आली. विषय चांगला होता : सावळ्या मुलीच्या वाट्याला येणारी वागणूक. दीपा सावळी, तिची सावत्र बहीण श्वेता गोरी. मग वर्णभेदाविरुद्धच्या मालिकेनेही माणसं रंगावरूनच वाटली, फक्त उलटी. सावळी ती सोशिक, गोरी ती कपटी. त्यातून दीपा झालेल्या रेशमा शिंदेचा सावळेपणा मेकअपचा. सावळी नटी घेतली असती तर तेवढा खर्च तरी वाचला असता.

आता मालिकेतून बाहेर, दादरला हिंदमाताच्या साडीबाजारात या. लग्नसराईत इथे 'मालिकेतली साडी' मागितली, तर सेल्समनने खरं तर विचारायला हवं, "ताई, सोसणारीची दाखवू की छळणारीची?" कारण भिशीत सगळ्या रडतात थोरलीसाठी आणि काठपदर हवा असतो धाकटीसारखा. थोरलीच्या सुती साडीला सहानुभूती भरपूर, गिऱ्हाईक कमी.

 

पण धाकटीचा खरा गुन्हा वेगळाच. ती हिशेब मागते. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, लग्न झालेलं असो वा नसो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा ठणकावून सांगितला. मालिकेतल्या वाड्यावर मात्र ही बातमी पोचलेली नाही. तिथे हक्कसोडपत्रावर डोळे पुसत सही करते ती नायिका आणि "कागद आधी वाचू द्या" म्हणते ती खलनायिका. आमच्या परळ-लालबागेत रूम रीडेव्हलपमेंटला गेली की अशा कागद वाचणाऱ्या बहिणी घरोघरी निघतात. त्यातली एखादी तर वर्षानुवर्षं आईचा केसपेपर घेऊन केईएम रुग्णालयाच्या रांगेत उभी राहिलेली असते. ती रांग मालिकेत दिसत नाही. दिसतो तो थेट तिसरा प्रवेश : आईच्या फोटोला हार आणि धाकटी विचारते आहे, "रूम कुणाच्या नावावर?" लगेच ढणढणाट.

एकदा, फक्त एकदा, धाकटीच्या बाजूने भाग लिहा, असं मी सुचवेन म्हणतो. वाहिनी नाही म्हणणार नाही. रविवारी दोन तासांचा महाएपिसोड करतील, बासरी धाकटीला देतील, केईएमची रांगही दाखवतील. आणि शेवटच्या मिनिटाला थोरली तुळशीपाशी दचकून जागी होईल : "बाई गं, काय हे भलतंच स्वप्न!"