शिरूर-दौंड परिसरातील प्रवासी ध्वनिवर्धक: निवड, पारख आणि अनैच्छिक श्रोता

प्रवासी ध्वनिवर्धक, म्हणजे ज्याला बाजारात ‘ब्लूटूथ स्पीकर’ आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी नुसते ‘ते डबडे’ म्हणतात ते तांब्याएवढे, विनातारेचे, पाऊस आणि धूळ सोसण्याचे वचन देणारे यंत्र, निवडण्याचे शास्त्र अद्याप बाल्यावस्थेत आहे. आजवरच्या मार्गदर्शकांनी या विषयात एकच प्रश्न विचारला, तो असा की हे यंत्र विकत घेणाऱ्याला कसे ऐकू येते. परंतु घोड, कुकडी आणि भीमा या नद्यांच्या काठी वसलेल्या शिरूर व दौंड तालुक्यांत हा प्रश्न गौण ठरतो. श्रोत्यांचे येथे दोन वर्ग करावे लागतात. ज्याने यंत्र विकत घेतले आणि गाणेही निवडले तो ऐच्छिक श्रोता होय, आणि ज्याने यांपैकी काहीच केले नाही, तरीही ज्याच्या कानावर ते गाणे पडते तो अनैच्छिक श्रोता. या दुसऱ्या वर्गात शेजारच्या गटातील शेतकरी, डेमू गाडीतील सहप्रवासी, गोठ्यातील म्हैस, चिंचोलीचे मोर आणि उसातील बिबट्या यांचा समावेश होतो. संख्याबळ नेहमी दुसऱ्या वर्गाचे असल्याने निवडीचा निकषही त्याच्याच बाजूने ठरवणे लोकशाहीला धरून होईल.

वेष्टनावर ‘आयपी’ ही अक्षरे आणि त्यांपुढे दोन अंक छापलेले असतात, आणि हे अंक आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातून आलेले असतात. पहिला अंक धुळीपासूनच्या संरक्षणाचा असून तो शून्यापासून सहापर्यंत जातो, दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असून तो नऊपर्यंत चढतो. म्हणजे ‘आयपी ६७’ असा शेरा मिळालेल्या यंत्रात धूळ मुळीच शिरत नाही आणि ते एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे राहिले तरी बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. ‘आयपीएक्स ७’ असे लिहिलेले असल्यास धुळीच्या चाचणीचा दाखलाच दिलेला नाही असे समजावे, कारण तेथील एक्स हा गुण नसून मौन आहे. ग्राहक मात्र या एक्सकडे आदराने पाहतो, कारण ते अक्षर महागड्या मोटारींच्या नावांतही आढळते.

या चाचण्यांत वापरलेली द्रव्ये मुळातून पाहण्यासारखी आहेत. धुळीची चाचणी बंद पेटीत शंखजिऱ्याची बारीक भुकटी उडवून घेतली जाते, आणि शंखजिरे म्हणजे ज्यापासून टाल्कम पावडर होते ते खनिज. तेव्हा ज्या धुळीसमोर यंत्र उत्तीर्ण झाले ती न्हाऊमाखू घातलेल्या बाळाच्या अंगावरची धूळ आहे, पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या माळावर एप्रिलच्या दुपारी वावटळीतून येणारी नव्हे. पाण्याच्या चाचणीतही पाणी स्वच्छ आणि गोडे असते. त्यात ठिबकच्या टाकीत विरघळवलेला युरिया नसतो किंवा चारीतला गाळही नसतो. शिवाय ही सगळी ग्वाही चार्जिंगच्या खोबणीवरचे रबरी झाकण घट्ट बसलेले आहे या गृहीतकावर उभी असते, आणि हे झाकण खरेदीनंतर काही महिन्यांतच एका बाजूने लोंबू लागून पुढे कायमचे नाहीसे होते, हे घरात लहान मूल असलेल्या कोणालाही मान्य व्हावे.

काकवीचा प्रश्न याहून गहन आहे. दौंड तालुक्यात केडगाव, खुटबाव या पट्ट्यात गुऱ्हाळे मोठ्या संख्येने चालतात. तेथे उसाचा रस काहिलीत उकळत असतो, भेंडीच्या पाण्याने वर आलेली मळी झाऱ्याने काढली जाते, आणि चुलवणात चिपाड सारणारा माणूस रात्रभर जागा राहावा म्हणून कोपऱ्यातील पोत्यावर ध्वनिवर्धक ठेवलेला असतो. रस गूळ होण्याआधीच्या पाकाच्या अवस्थेला काकवी म्हणतात, आणि तिच्या शिंतोड्यांविषयी उपरोक्त मानक पूर्णपणे मूक आहे. ती यंत्रात शिरत नाही हे खरे. ती बाहेरच बसते, आवाज वाढवण्याच्या बटणाभोवती गोळा होते, तेथे मुंगळे येतात, आणि बटण एकदा दाबले की वर येण्याचे विसरते, त्यामुळे आवाज कमालीवर जाऊन तेथेच थांबतो. म्हणून गुऱ्हाळासाठी निवड करताना बटणे रबराच्या सलग पडद्याखाली आहेत की स्वतंत्र उंचवट्याची आहेत, हे बोटाने चाचपून पाहावे. बाकी अंक वाचले नाहीत तरी चालेल.

खोल पाण्याची कसोटी हवीच असल्यास शिरूरच्या हद्दीला लागून, टाकळी हाजी आणि निघोज यांच्या मध्ये कुकडीच्या पात्रात असलेली कुंडे तिला योग्य आहेत. खडकाच्या खळग्यांत अडकलेले गोटे प्रवाहाबरोबर फिरत राहिल्याने हजारो वर्षांत तेथे रांजण कोरले गेले, म्हणून भूगोलात त्यांना रांजणखळगे म्हणतात. मानकातील एक मीटर आणि तीस मिनिटे ही मर्यादा या रांजणांना कळवण्यात आलेली नाही. काही यंत्रे पाण्यावर तरंगतात अशी जाहिरात असते व ती खरीही असते, पण वाहत्या पाण्यात तरंगणारी वस्तू बुडणाऱ्या वस्तूपेक्षा अधिक दूर जाते. म्हणून मनगटात अडकवायचा दोर असलेले यंत्र घ्यावे आणि कुंडाच्या निसरड्या काठावर त्या दोराच्या भरवशावर स्वतः वाकू नये.

आता आवाजाच्या मोजमापाकडे वळावे लागेल. वॉट हे शक्तीचे एकक असून यंत्र सातत्याने किती वॉट देऊ शकते ते ‘आरएमएस’ या शब्दाने सांगितले जाते. याउलट ‘पीएमपीओ’ या नावाखाली छापलेला हजारोंचा आकडा म्हणजे उत्पादकाची महत्त्वाकांक्षा समजावी. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटायला हवा असेल तर शक्ती जवळपास दहापट करावी लागते. उघड्यावर भिंती नसल्याने ढोलकीचा घुमारा परत येत नाही. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. या हिशेबाने एक मीटरवर ऐंशी डेसिबल असलेले गाणे चौसष्ट मीटरवरील शेजाऱ्याच्या बाजेपर्यंत साधारण चव्वेचाळीस डेसिबल होऊन पोचते, आणि ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत पंचेचाळीसची मर्यादा घातलेली आहे. म्हणजे ऐंशी डेसिबलपर्यंत कायदा, शेजार आणि झोप तिन्ही कशीबशी सांभाळली जातात. ट्रॉलीत मोठी खोकी बसवून ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरशी स्पर्धा करण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन नाही.

हुरड्याच्या हंगामात, म्हणजे थंडी पडून ज्वारीची कणसे दुधात आली की, शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे शहरातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. आगटीत भाजलेली कणसे चोळून गरम दाणे पुढ्यात पडतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही असते, आणि पाहुणे मोर कोठे आहेत असे विचारत असतानाच त्यांच्या पिशवीतून ध्वनिवर्धक बाहेर येतो. मोर दिसावेत आणि गाणेही वाजावे या दोन इच्छा एकाच वेळी पूर्ण करणारे यंत्र अजून बाजारात आलेले नाही. ज्यांना मोर हवे आहेत त्यांनी आवाज कमी करण्याचे बटण अंधारातही सापडेल असे यंत्र निवडावे. ज्यांना गाणे हवे आहे त्यांनी चिंचोलीपर्यंतचे पेट्रोल वाचवावे.

विनातारेचा संदेश सुमारे २.४ गिगाहर्ट्झ या लहरींवर जातो, आणि याच टापूतील लहरी मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापवतात, कारण पाणी त्यांना शोषून घेते. या गुणधर्माचा शेतीशी थेट संबंध आहे. वेष्टनावर लिहिलेले दहा मीटरचे अंतर मोकळ्या जागेतले असते, तर आडसाली ऊस हा पानापानांत पाणी भरलेला पडदा असतो. फोन खिशात आणि यंत्र बांधावर ठेवून माणूस सरीत चार पावले आत गेला की गाणे तुटू लागते. माणसाच्या शरीरातही पाणीच असल्याने फोन डाव्या खिशात आणि यंत्र उजव्या हाताला असेल तरी हाच प्रकार घडतो. यावर उपाय म्हणजे मेमरी कार्डाची खाच असलेले यंत्र, ज्यात गाणी आतच राहतात आणि फोन लागतच नाही; जाहिरातींत या खाचेला शेवटची ओळ मिळते, येथे ती पहिली मिळायला हवी.

रात्री दारे धरणाऱ्यांसाठी हा विषय वेगळ्या पातळीवर जातो. कृषिपंपांची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, त्यामुळे पाळी आली की मध्यरात्रीही बॅटरी, काठी आणि फावडे घेऊन बांधावर जावे लागते, आणि जुन्नर वनविभागात मोडणाऱ्या शिरूर तालुक्यात उसात बिबट्याची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झाली आहे. या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत, त्यांत लहान मुलेही आहेत, आणि २०२५ मध्ये पिंपरखेड परिसरातील शेतकऱ्यांवर गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून कामाला जाण्याची वेळ आली. तेव्हा विनोदाने येथे जरा बाजूला उभे राहावे. एकट्याने जाऊ नये, जाताना मोठ्याने बोलावे किंवा मोबाइलवर गाणी लावावीत, असे वनखाते सांगत असते, आणि हा सल्ला म्हणजे ध्वनिवर्धकाच्या संपूर्ण इतिहासात अनैच्छिक श्रोत्याच्या हिताचा विचार झालेला एकमेव प्रसंग होय, कारण माणूस येतो आहे हे आधी कळणे त्या श्रोत्यालाही हवेच असते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर परिसरातील पाणवठ्यांवर लपवलेल्या ध्वनिवर्धकांतून केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वन्य प्राणी सिंहाच्या गुरगुरण्यापेक्षा माणसांचे साधे बोलणे ऐकून अधिक पळाले. यावरून बांधावरच्या यंत्रात घुमारा नव्हे, तर मानवी आवाजाची स्पष्टता पाहावी आणि त्यावर गाण्याऐवजी कीर्तन, बातम्या किंवा निवडणुकीतले भाषण लावावे असे सुचते; भाषणाने ऐकणारे पळतात ही बाब तर आफ्रिकेत न जाताही सिद्ध झालेली आहे. तथापि गावालगत वाढलेला बिबट्या माणसाच्या आवाजाला सरावलेला असू शकतो, आणि कर्कश गाण्यात उसाची सळसळ बुडून जाते. म्हणून आवाज बेताचा, सोबत दुसरा माणूस, आणि यंत्र या दोघांनंतर, असा क्रम राखावा.

विजेरीच्या बाबतीत, ‘वीस तास’ हा आकडा बहुधा निम्म्या आवाजावर मोजलेला असतो, आणि निम्म्या आवाजावर कोणी ऐकत नाही. लिथियमची विजेरी पंचेचाळीस अंशांच्या वर असताना चार्ज करू नये असा सर्वसाधारण संकेत आहे. मे महिन्यात कुरकुंभच्या कारखान्याबाहेर काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत तो सहज मोडतो.

प्रवासाचे म्हणावे तर शिरूरला रेल्वे नाही, आणि एसटीच्या खिडक्यांच्या आवाजापुढे कोणतेही यंत्र तोकडेच पडते. दौंडकरांना मात्र पुण्याची गाडी आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी इयरफोन हाच सर्वोत्तम प्रवासी ध्वनिवर्धक ठरतो. तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत रोटी घाट चढते तेव्हा वाटेवरच्या तंबूत प्लास्टिकच्या कागदाखाली एखादा ध्वनिवर्धक भिजताना दिसतो खरा, पण शेदोनशे टाळांच्या दिंडीत त्याला कोणी विचारत नाही.

अखेरची पारख दुकानात करावयाची असते. वेष्टनावर पाण्यात चालते असे लिहिलेल्या यंत्राबाबत दुकानदाराला नम्रपणे पाण्याची बादली मागावी. तो बादली आणण्यास निघाला तर यंत्र चांगले आहे किंवा दुकान त्याचे नाही. “पाऊस चालतो हो, पण मुद्दाम पाण्यात कशाला घालताय, पाणी गेलं तर कंपनी बदलून देत नाही,” असे तो म्हणाला तर माणूस सच्चा आहे असे समजून त्याच्याकडूनच घ्यावे, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख मारून घ्यावी, आणि पातळ कॅरीबॅगा २०१८ पासून बंद असल्याने दुधाची एक धुतलेली पिशवी घरूनच न्यावी. यंत्र तिच्यात घालून तोंडाला रबर लावले की काकवी लागत नाही आणि बटणेही वरून दाबता येतात.