ओहायोहून पत्र : जुनी हत्यारे आणि गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी

ती. दादा व ती. आई यांस,

अमेरिकेत विजेवरची जुनी हत्यारे इंटरनेटवर विकणाऱ्याला दोन कामे असतात : हत्यार विकणे, आणि विकल्यानंतर त्यावरून झालेले भांडण मिटवणे. पहिले काम कोणालाही जमते. दुसऱ्याची रीतसर पद्धत ठरलेली आहे, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हयात घालवलेल्या माणसाचा ‘विकलं की विकलं’ हा सिद्धांत त्या पद्धतीत कुठेच बसत नाही. म्हणून ती इथे क्रमाने मांडली आहे. तब्येत, थंडी आणि नातीची शाळा हे विषय रविवारच्या फोनसाठी राखून ठेवले आहेत.

दादांचा सिद्धांत साफ चुकीचा आहे असे मात्र नाही. क्रेगलिस्टवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर जाहिरात देऊन गावातल्याच माणसाला गॅरेजमध्ये बोलावले, की तो येतो, ड्रिल हातात घेतो, खटका दाबून फिरवून बघतो, ‘बेअरिंग वाजतंय’ म्हणून पाच डॉलर पाडून मागतो, रोख देतो आणि जातो. तिथे विकलं की विकलं. टेबल सॉसारखी अवजड चीज याच मार्गाने काढावी. तंटा उद्भवतो तो पार्सलात. घेणारा हजार मैलांवर असतो, त्याने हत्यार फक्त फोटोत पाहिलेले असते आणि पैसे साइटच्या हातून येतात. साइटच्या हातून आलेले पैसे साइटच्या हातून परतही जाऊ शकतात, हे नवा विक्रेता हमखास विसरतो.

या कामी सर्वांत जास्त चालणारी साइट म्हणजे ईबे. ती 1995 साली सुरू झाली तेव्हा तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तू बिघडलेला लेझर पॉइंटर होती, किंमत 14 डॉलर 83 सेंट. तो चालत नाही हे माहीत आहे ना, असे संस्थापकाने घेणाऱ्याला विचारले. त्यावर तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. बिघडलेली वस्तू बिघडलेली म्हणून विकली, त्यामुळे भांडण झाले नाही. पुढची सगळी भांडणे बिघडलेली वस्तू धडधाकट म्हणून विकल्याची, किंवा धडधाकट वस्तू घेणाऱ्याला बिघडलेली वाटल्याची आहेत.

ईबेचा मूळ नियम असा. वस्तू पोचली नाही, किंवा वर्णनाप्रमाणे निघाली नाही, तर घेणारा साधारण 30 दिवसांच्या आत तक्रार करू शकतो. विकणाऱ्याने कामकाजाच्या 3 दिवसांत उत्तर द्यायचे. तेवढ्यात मिटले नाही तर साइटचा माणूस मध्ये पडून निकाल देऊ शकतो. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर परतीचा पार्सलखर्च विकणाऱ्याच्या माथी, आणि माल परत मिळाल्यावर 2 कामकाजाच्या दिवसांत पैसे परत. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी जाहिरातीत लावता येते, पण अशा तक्रारीपुढे तिची किंमत एसटीतल्या ‘थुंकू नका’ एवढीच. इथला कायदा थोडा मवाळ आहे. ‘जसे आहे तसे’ म्हणून विकलेल्या वस्तूवर बहुतेक राज्यांत न बोललेली हमी लागू होत नाही. पण वर्णनात जे लिहिले ते मात्र हमीच धरले जाते. अर्थात तीस डॉलरच्या ग्राइंडरसाठी कोणी वकील लावत नाही. म्हणून व्यवहारात साइटचा नियम हाच कायदा.

यावरून उघड आहे की तंट्याचा निकाल बराचसा जाहिरात लिहितानाच लागून गेलेला असतो. ‘वापरलेले’ या सदरात टाकलेली वस्तू ईबेच्या व्याख्येप्रमाणे जुनी, ओरखडे पडलेली असली तरी पूर्ण चालणारी असली पाहिजे. आजारी ड्रिल या सदरात टाकणे म्हणजे तक्रार स्वतःच्या हाताने लिहून देणे. त्यासाठी ‘सुट्या भागांसाठी किंवा बंद’ असे वेगळे सदर आहे. फोटो चक, वायर, प्लग, खटका आणि नंबरपट्टी यांचे स्वतंत्र हवेत. तडा असेल तर त्याचाही, तोही जवळून. या घरी फोटोचे खाते सूनबाईंकडे आहे. त्या तडा आणि ओरखडे जितक्या प्रेमाने टिपतात तितक्या प्रेमाने त्यांनी लग्नाच्या अल्बममधला नवराही निवडला नव्हता. मशीन चालताना एक छोटा व्हिडिओही काढावा, म्हणजे ‘आलं तेव्हापासूनच बंद होतं’ या वाक्यातली हवा निघते.

आता तक्रारींचे प्रकार. लबाडांची चर्चा फार होते, पण खरा भरणा अडाण्यांचा आहे, आणि हा भाग सविस्तर पाहण्याजोगा आहे.

पहिला मान बॅटरीचा. बिनवायरीचे हत्यार बहुधा नुसते अंगाने विकले जाते. बॅटरी आणि चार्जर वेगळे, आणि कित्येकदा दोन्ही मिळून हत्यारापेक्षा महाग. जाहिरातीत ‘फक्त हत्यार’ असे लिहिलेले असते. घेणारा फोटो पाहतो, किंमत पाहतो, मधले वाचत नाही. खोके उघडल्यावर तो ‘अर्धाच माल आला’ अशी तक्रार करतो. उपाय एकच : शीर्षकात, पहिल्या ओळीत आणि शेवटच्या ओळीत, तिन्ही ठिकाणी लिहावे, आणि बॅटरीची रिकामी खाच फोटोत स्वच्छ दाखवावी.

त्याखालोखाल व्होल्टचे गाऱ्हाणे. अमेरिकेत ‘20 व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकली जाणारी डीवॉल्टची बॅटरी युरोपात 18 व्होल्ट म्हणून विकली जाते. आत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक असतात. पुरते भारल्यावर प्रत्येकी सुमारे 4 व्होल्ट म्हणून वीस, आणि कामाच्या सरासरीने 3.6 म्हणून अठरा. बॅटरी तीच, आकडा जाहिरातखात्याने निवडलेला. पण मल्टिमीटर बाळगणारा गिऱ्हाईक मोजतो, त्याला अठरा दिसतात, आणि तो विकणाऱ्याने दोन व्होल्ट मारले असे लिहितो. त्याला पाचाचा पाढा दोनदा लिहून पाठवावा लागतो.

ठिणग्यांचा प्रकार त्या मानाने गंभीर. वायरवाल्या जुन्या मोटरीत कार्बन असतात. ते घासतात तिथे बारीक ठिणग्या दिसतातच. नवे कार्बन बसवल्यावर तर थोडे दिवस जास्तच. तेवढ्यावरची तक्रार सामंजस्याने परतवता येते. पण कॉम्युटेटरभोवती आगीचे पुरते कडे फिरत असेल आणि जळका वास येत असेल, तर आर्मेचर गेलेले असते, आणि तिथे गिऱ्हाईक खरे बोलतो आहे. मुकाट्याने माल परत घ्यावा.

आणि मग उलट्या फिरकीचे प्रकरण, जे प्रत्येक विक्रेत्याच्या वाट्याला येते. टेक्सासमधल्या एका गिऱ्हाइकाने रात्री साडेअकराला संदेश पाठवला : ‘मशीन सदोष आहे. भिंतीला भोक पडत नाही, भिंत नुसती चकचकीत होते. धूर येतो. पूर्ण पैसे परत करा.’ सोबत फोटो. त्यात भिंतीवर नाण्याएवढा काळा, गुळगुळीत ठिपका. उत्तर गेले : ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खटक्याच्या वरच्या बाजूला एक छोटी आडवी दांडी आहे. ती दुसऱ्या बाजूने दाबून पुन्हा करून पाहाल का?’ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शांतता. मग एक शब्द आला, ‘थँक्स’, आणि तक्रार मागे घेतली गेली. या उत्तरात ‘मशीन उलटे फिरवत आहात’ हे शब्द मुद्दाम गाळलेले आहेत. माणसाला चूक कळू द्यावी, पण ती लेखी हातात देऊ नये. लेखी दिली की तो तक्रार मागे घेण्याऐवजी नवी शोधतो.

उत्तरे नेहमी साइटच्याच संदेशपेटीत द्यावीत. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर झालेले बोलणे निकाल देणाऱ्याला दिसत नाही. उत्तर छोटे असावे : वर्णनातली ओळ, फोटोचा क्रमांक, आणि पुढे काय करायचे ते. पत्रलेखकाचा पहिला मसुदा कोल्हापुरीत असतो. सूनबाई त्यातली विशेषणे आणि गिऱ्हाइकाच्या खानदानाचे उल्लेख काढतात. उरलेल्या दोन ओळी इंग्रजीत जातात.

काही गिऱ्हाइके माल परत करत नाहीत, किमतीतले काही परत मागतात : ‘ठेवतो, पण तीस डॉलर द्या.’ इथे हिशेब करावा. दोष खरा असेल, कार्बन संपले असतील, तर कार्बनची जोडी थोडक्या पैशात येते आणि अवजड मशीनच्या परतीच्या भाड्यापुढे ती रक्कम काहीच नाही. द्यावेत. पण ‘न दिल्यास वाईट शेरा लिहीन’ अशी जोड असेल तर तो प्रकार ईबेच्या नियमांत बसत नाही. संदेश जपून ठेवावा आणि साइटला कळवावा. शेऱ्यांच्या बाबतीत विकणाऱ्याचे हात बांधलेलेच आहेत. 2008 पासून विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल प्रतिकूल शेरा लिहिता येत नाही. चांगले लिहा, नाहीतर गप्प बसा.

खऱ्या लबाडीचा ठरलेला नमुना अदलाबदलीचा : नवेसे ड्रिल मागवायचे आणि त्याच मॉडेलचे घरातले मेलेले ड्रिल ‘बंद निघाले’ म्हणून परत पाठवायचे. नंबरपट्टीचा फोटो इथे कामी येतो, पण लबाड माणूस पट्टीही खरवडतो. म्हणून सूनबाई बॅटरीच्या खाचेत आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही असे, मार्करने बारीक ‘श्री’ काढतात आणि त्याचा फोटो घेतात. एकदा परत आलेल्या ड्रिलच्या खाचेत श्री नव्हते. खोके फोडतानाचा व्हिडिओ, जाताना श्री असलेला फोटो आणि येताना नसलेला, तिन्ही साइटकडे गेले. त्या अक्षराचा अर्थ तिथल्या कर्मचाऱ्याने विचारला नाही. एकात आहे आणि एकात नाही एवढे त्याला पुरले. निकाल विरुद्ध गेला तरी 30 दिवसांत फेरविचार मागता येतो.

पार्सल न पोचल्याच्या तक्रारी सोप्या. ट्रॅकिंगवर ‘पोचले’ दिसले की विषय संपतो. 750 डॉलर किंवा त्याहून महाग मालाला मात्र घेणाऱ्याची सही लागते. उशिराच्या तक्रारी बॅटरीमुळे येतात, कारण लिथियम बॅटरीची वापरलेली उपकरणे इथल्या टपालखात्याकडून विमानाने जात नाहीत, ट्रकने जातात. हे जाहिरातीतच सांगावे. वाटेत मोडतोड झाली तर प्रायॉरिटी मेलमध्ये 100 डॉलरपर्यंतचा विमा अंतर्भूत असतो, पण खोके आणि आतले सामान जपून ठेवावे लागते. ड्रिलचा चक खोक्याला आतून भोक पाडून बाहेर डोकावतो, सबब त्याला जुन्या चादरीचा जाड बोळा बांधतात. आईंनी दिलेली वाकळ या कामी वापरलेली नाही, याची नोंद घ्यावी.

साइटवर हरलेला गिऱ्हाईक कधी कधी बँकेकडे जातो. क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घेण्याचा हक्क 1974 च्या एका कायद्याने दिलेला आहे; बिल पाठवल्यापासून 60 दिवसांत लेखी कळवायचे. तिथेही तेच फोटो, तेच संदेश, तोच ट्रॅकिंग क्रमांक. म्हणून व्यवहार मिटला तरी कागद निदान सहा महिने ठेवावेत. आणखी एक : कंपनीने धोकादायक म्हणून बाजारातून परत बोलावलेले मॉडेल विकणे 2008 पासून बेकायदा आहे. त्यावर तंटा करायचा नसतो, ते विकायचेच नसते.

राहता राहिला मामांचा प्रश्न : परत आलेल्यांतले एखादे ड्रिल गणपतीला येताना आणावे का? वायरवाले आणता येणार नाही. इकडची वीज 120 व्होल्ट, तिकडची 230. मामांच्या पहिल्याच भोकाला मोटर जळेल, आणि व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर ड्रिलहून जड. बॅटरीवाल्याचा चार्जर बहुधा 120 चाच असतो. शिवाय विमानात ड्रिल हातातल्या बॅगेत चालत नाही आणि सुटी लिथियम बॅटरी सामानात टाकलेल्या बॅगेत चालत नाही, म्हणजे एकच यंत्र दोन बॅगांतून न्यायचे. तेव्हा मामांनी ते इचलकरंजीतच, पक्के बिल घेऊन विकत घ्यावे. पुढे दुकानदाराशी वाद झालाच, तर त्या कामात त्यांचा हात धरणारा अमेरिकेतही कोणी नाही.



आपला,
धाकटा