स्टेशनपासून पाच मिनिटं

घराची जाहिरात लिहिणाऱ्याला कवीपेक्षा जास्त पैसे मिळतात आणि ते रास्तच आहे. कल्पनाशक्तीही त्यालाच जास्त लागते. मागचा नाला चित्रात निळाशार होतो, शेजारची झोपडपट्टी रातोरात झाडीत गडप होते. ‘स्टेशनपासून 5 मिनिटं’. कशाने, ते विचारायचं नसतं. बाल्कनीत एक देखणं जोडपं कॉफी पीत उभं असतं. आपण तिथे चादरी वाळत घालणार, हा भाग निराळा. आणि ‘शेवटचे काहीच फ्लॅट शिल्लक’ ही ओळ तर पाया खणायच्या आधीच लिहून तयार!

2016च्या रेरा कायद्याचं कलम 12 सांगतं, की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. महाराष्ट्रात 1 ऑगस्ट 2023पासून जाहिरातीत प्रकल्पाची नोंदलेली माहिती दाखवणारा क्यूआर कोडही सक्तीचा आहे. छापतात ना बिचारे! पानभर हिरवळ आणि कोपऱ्यात भिंग घेऊन शोधावा असा कोड. त्याखाली ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’. अख्ख्या जाहिरातीत खरं वाक्य तेवढंच.

तेव्हा बुकिंगचा चेक फाडण्याआधी कोड स्कॅन करा आणि ताब्याची तारीख बघा. कॉफी नंतर.