शेडनेटपासून मांडवापर्यंत

जालन्याकडच्या माणसानं जनुकशास्त्रात आयुष्य काढलं, तर त्याचा एक फायदा होतो आणि एक तोटा. फायदा असा, की जनुक म्हणजे काय हे गावाला पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. तोटा असा, की गाव लगेच विचारतं, "कोणत्या कंपनीत? कपाशीच्या का मिरचीच्या?"

मी माणसांच्या जनुकांवर काम केलं, किरणांनी त्यांचं काय होतं ते बघत विद्यापीठात नोकरी केली, असं सांगितलं की समोरचा हिरमुसतो. माणसाचं बियाणं काही पाकिटात भरून विकता येत नाही. मग या धंद्यात कमाई ती काय असणार, हा त्याचा हिशेब चूक म्हणता येत नाही. माझ्या निवृत्तिवेतनाचा आकडाही त्याच बाजूनं बोलतो.

आमच्या गावाला बियाण्यांबद्दलची ही घमेंड मिळाली ती बद्रीनारायण बारवाल्यांमुळे. 1964 मध्ये त्यांनी जालन्यात महिको ही बियाणं कंपनी काढली. सुरुवात भेंडीसारख्या साध्या पिकाच्या बियाण्यापासून झाली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आता जालना, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या पट्ट्यात कुठंही गाडी थांबवा, रस्त्याच्या कडेला पांढरं-हिरवं शेडनेट दिसणारच. आत बाया हातात चिमटा घेऊन बसलेल्या असतात. मादीच्या ओळीतली कळी उमलायच्या आत तिच्यातले पुंकेसर काढायचे, मग तिला नराच्या ओळीतला पराग लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेल 1856 पासून काही वर्षं वाटाण्यावर हेच करत होता. त्याला रोजंदारी मिळत नव्हती, एवढाच फरक.

या बायांना कुणी जनुकशास्त्र शिकवलेलं नाही. पण एकाच वाणाचं परागीकरण त्याच वाणात पिढ्यान्‌पिढ्या करत राहिलं की झाड बारकं होत जातं, दोन वेगळ्या वाणांचं केलं की जोम धरतं, आणि संकराचं घरचं बी पुन्हा पेरलं तर शेतात एक झाड उंच, एक ठेंगणं, असा गोंधळ होतो, हे त्या डोळे मिटून सांगतील. माझ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना हे परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत नीट माहीत नसायचं.

माणसाच्या बाबतीत चिमट्यानं परागीकरण करता येत नाही, म्हणून आम्ही रक्त घेतो. आमच्या प्रयोगशाळेतली सामग्री ऐकून एका आजीनं मला विचारलं होतं, "तू डॉक्टर व्हतू का वैदू?" तिचं चुकलं नव्हतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढल्या की त्या विभागायला तयार नसतात. त्यांना विभागायला लावणारा पदार्थ राजम्यातून काढतात. त्याचा हा गुण 1960 मध्ये कळला. पेशी विभागत असताना नेमक्या मधल्या पायरीवर तिला अडवायचं असतं. ते काम कोल्चिसिन करतं. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या त्या लाल-पिवळ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं. पुढं पेशी पातळ द्रावणात फुगवायच्या, काचेच्या पट्टीवर वरून थेंब सोडायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला बसायचं. भंगाराच्या यार्डात सळयांचे तुकडे पसरावेत तशी गुणसूत्रं पसरलेली दिसतात.

माणसात ती 46 असतात. हे आज शाळेतलं पोरगंही सांगतं, पण 1923 पासून पुढं तीस-बत्तीस वर्षं सगळं जग 48 म्हणत होतं. पाठ्यपुस्तकांत 48, व्याख्यानांत 48, आणि ज्यांना 46 दिसायची ते आपणच दोन हरवली असं धरून गप्प बसायचे. 1956 मध्ये त्यो आणि लेव्हान या दोघांनी स्वीडनमध्ये नीट मोजून 46 जाहीर केली. आमच्या सळईबाजारातल्या एखाद्या मुनिमाला त्या काचपट्ट्या दाखवल्या असत्या, तर हा घोळ संध्याकाळच्या हिशेबातच मिटला असता. मुनीम पुस्तकावर विश्वास ठेवत नाही, बंडल सोडून पुन्हा मोजतो.

किरणांचा मार बसला की गुणसूत्रं तुटतात, आणि कधी कधी चुकीच्या तुकड्याला जोडली जातात. त्यातून मधला सांधा एकाच्या जागी दोन असलेलं गुणसूत्र तयार होतं. अशी किती सापडली त्यावरून त्या माणसाला किती मात्रा लागली याचा अंदाज करता येतो. मात्रा थोडी असेल तर शेकड्यानं, हजारानं पेशी मोजाव्या लागतात. माझं तारुण्य यातच गेलं. मामांनी एकदा सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी बापू, दिसभर मोजायचंच काम व्हय? मग तलाठी काय वाईट व्हतं?"

माश्यांचं प्रकरण त्याहून नाजूक. किरणांनी जनुकं बदलतात हे हर्मन मुलर यानं 1927 मध्ये फळांवर घोंघावणाऱ्या बारक्या माश्यांवर क्ष-किरण टाकून दाखवलं आणि त्याबद्दल 1946 चं नोबेल मिळवलं. तेव्हापासून या विषयातला प्रत्येक माणूस कधी ना कधी माश्या पाळतो. मी पाळत होतो तेव्हा आमच्या घरच्या मोसंबीच्या बागेत फळमाशीनं उच्छाद मांडला होता. मामा सापळे लावून रोज मेलेल्या माश्या मोजत होते आणि भाचा सरकारी शिष्यवृत्तीवर माश्यांना खायला घालत होता. दोन्ही माश्या वेगळ्या कुळातल्या, हे मी सांगून पाहिलं. पण बागाईतदाराला माशीचं कूळ ऐकून घ्यायला वेळ नसतो. शेवटी त्यांना पटलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. अमेरिकेत जनावरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या माशीचे नर किरणांनी वांझ करून लाखोंनी सोडले आणि ती माशी प्रदेशच्या प्रदेश हटवली. 1954 मध्ये कुरासाओ बेटावर ते पहिल्यांदा जमलं. "म्हंजी माश्यांची नसबंदी!" मामा खूश झाले. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझ्या विषयाला अर्थ आला.

किरण म्हटलं की लोक दचकतात, आणि दचकतात नेमके चुकीच्या जागी. गल्लीत मोबाइलचा टॉवर आला की निवेदनं, मोर्चे, उपोषणं. टॉवरच्या लहरींत गुणसूत्र तोडण्याइतकी ऊर्जाच नसते. उलट डोकं दुखलं की तोच मोर्चेकरी डॉक्टरला म्हणतो, "एकदा सीटी काढूनच टाका." छातीच्या साध्या फोटोला साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट मात्रा लागते आणि पोटाच्या सीटीला त्याच्या कितीतरी पट. जमीन, हवा, अन्न, आकाश यांच्याकडून माणसाला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट फुकट मिळतातच. सीटी गरजेचा असेल तर जरूर काढावा, पण मनाचं समाधान म्हणून तो काढू नये.

आणि उडदाचे पापड! तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं मिळून काढलेला टीएयू-1 हा उडदाचा वाण 1985 मध्ये आला आणि पुढं महाराष्ट्रातल्या उडदाच्या बहुतेक रानात तोच दिसू लागला. त्याच्या वंशावळीत किरणांनी बदललेलं एक झाड आहे. टीएजी-24 हा भुईमूगही त्याच घराण्यातला. कोरडं बी काही शे ग्रेची किरणमात्रा सहन करतं. माणूस चार-पाच ग्रेतच आटोपतो. त्या बियातून उगवलेल्या हजारो रोपांतून एखादं कामाचं निघतं, आणि ते किरणोत्सारी वगैरे अजिबात नसतं. टॉवरविरोधी मोर्चातही पापड खाल्ले जातात, आणि त्यात काही वावगं नाही.

मग माणसांच्या पोरांचं काय? आयुष्यभर मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. हिरोशिमा आणि नागासाकीत अणुबॉम्बनंतर जन्मलेल्या सुमारे 77,000 बाळांची पाहणी जेम्स नील आणि विल्यम शल यांनी केली. केरळच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे, काही ठिकाणी किरणोत्सार नेहमीच्या कैक पट आहे. तिथं 1995 पासून भाभा केंद्राच्या लोकांनी लाखावर नवजात बाळं तपासली. दोन्हीकडे आईबापांना लागलेल्या किरणांमुळे मुलांत जन्मजात व्यंगं ठळकपणे वाढल्याचं दिसलं नाही. याचा अर्थ किरण निरुपद्रवी असा नाही. बॉम्बमधून वाचलेल्यांना स्वतःला कॅन्सर झाले, ते खरंच. पण पुढच्या पिढीबद्दल आपण जितके घाबरतो, तितकं मोजणीत सापडत नाही. कुठलेच किरण न लागता प्रत्येक बाळ साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्माला येतं, आणि बापाचं वय जितकं जास्त तितके ते जास्त. थोराड नवरदेवाच्या बायोडेटात हे कुणी लिहीत नाही.

बायोडेटावरून आठवलं. त्यात रक्तगटाचा रकाना आवर्जून असतो, आणि त्याच्यापायी मला आजही फोन येतात. "सर, मुलगा ओ पॉझिटिव्ह, मुलगी पण ओ पॉझिटिव्हच. गुण सत्तावीस जुळतात, पण रक्तगट एकच. मोडावं का?" रक्तगट एकच असल्यानं संसाराला काहीही होत नाही. बघायचंच असेल तर मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह आहे का ते बघावं, आणि त्यालाही बाळंतपणात वेळेवर द्यायचं इंजेक्शन आहे. इतक्या फोनांत "मुलगी सख्ख्या मामाची आहे, चालेल का?" असा एकही आला नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही.

आपल्याकडे आत्याच्या मुलीशी सहसा लग्न करत नाहीत, मामाच्या मुलीशी करतात. इरावतीबाई कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या 1953 च्या ग्रंथात महाराष्ट्राची ही मधली चाल नोंदवली आहे. गोत्र वेगळं, कुळी वेगळी, पत्रिका जुळते, आत्याचीच सून म्हणून पोरगी सुखात राहते. सगळं खरं. पण अशा जोडप्याच्या मुलाच्या जनुकांच्या जोड्यांत सोळावा हिस्सा एकाच पूर्वजाकडून दोन्ही बाजूंनी आलेला असतो. जुन्या हिशेबानं रुपयात एक आणा. सख्ख्या मामा-भाचीचं लग्न झालं तर दोन आणे. सर्वसाधारणपणे शंभरात दोन-तीन बाळांत जन्मजात व्यंग असतं. मामेबहिणीशी लग्न झालेल्यांत ते साधारण दुप्पट होतं. म्हणजे बहुतेकांची मुलं धडधाकटच निघतात, म्हणून तर चाल टिकली.

हा एक आणा कुठं लपलेला असतो हे सांगता येत नाही. 1952 मध्ये मुंबईत डॉ. य. मा. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ओ गटाचं रक्तही न चालणारे रुग्ण सापडले आणि जगाला बॉम्बे रक्तगट कळला. साध्या तपासणीत तो ओ म्हणूनच दिसतो. आई आणि बाप दोघांकडून तेच दुर्मीळ जनुक यावं लागतं, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो.

शेडनेटमध्ये नराची आणि मादीची ओळ एकाच घराण्यातली लावली, तर कंपनीचा सुपरवायझर प्लॉट नापास करतो, आणि ते मामांनाही पटतं. मांडवात सुपरवायझर नसतो, म्हणून एवढं सांगतो. तुमच्या घरी मामाच्या मुलीशी सोयरीक ठरत असेल तर मोडू नका, पण साखरपुड्याआधी दोघांचीही थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन ए-टूची, रक्ततपासणी करून घ्या. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका असतो आणि ते आधी कळलेलं बरं. रक्तगटाचा रकाना मात्र रिकामा ठेवलात तरी चालेल.