गांधाराचा घाट

माझी पट्टी काळी एक. मध्य सप्तकात मी बरा गातो, असं बुवा म्हणतात; विशेषतः फी भरायच्या दिवशी म्हणतात. तार षड्जही लागतो. पण रिषभ ओलांडून गांधाराकडे निघालो की घात होतो. आवाज फाटतो आणि साठीच्या माणसातून चौदा वर्षांचा पोरगा डोकावतो. सकाळी माझा गांधार फाटला की दुधाखालचा गॅस बंद करायचा, असा हिचा हिशेबच बसला आहे.

दोष माझा नाही, हे मी वाचून खात्री करून घेतलं आहे. खालच्या सुरांना स्वरतंतू आखूड आणि जाड असतात, वरच्या सुरांना ताणून पातळ होतात. ही ओढाताण दोन वेगळे स्नायू करतात. काळी एकचा तार गांधार म्हणजे सेकंदाला ३५० च्या आसपास कंपनं, आणि बऱ्याच पुरुषांच्या गळ्यात याच सुमाराला एका स्नायूचा जोर ओसरून दुसऱ्याचा सुरू होतो. चार्ज देण्याघेण्यात घोळ झाला की काय होतं, ते मला सांगायला नको. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आहे.

डोंबिवलीकराला रेल्वेचाच उपाय सुचणार. बोरघाट चढायचा तर कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. मीही रिषभापासून बेंबीच्या देठापासून जोर लावला. वरच्या मजल्यावरचे काका चप्पल न घालता खाली आले.

बुवा म्हणाले, "इंजिनं कसली लावता? डबे सोडा!"

म्हणजे आवाजाचं वजन मध्य पंचमापासूनच थोडं थोडं उतरवत न्यायचं. आकार किंचित ओकाराकडे झुकवायचा. कधी उलटं, वरच्या बारीक आवाजातून मींड घेत अलगद खाली उतरायचं. शिवाय घोड्यासारखे ओठ फुरफुरवत सूर चढवायचा, नाहीतर नळीतून 'ऊ' म्हणत ग्लासातल्या पाण्यात बुडबुडे काढायचे. याच बुडबुड्यांवरून मी मागे नातवाला रागावलो होतो. हल्ली आम्ही दोघं शेजारी बसतो. त्याचा सूर जास्त स्थिर असतो.

किशोरकुमारांचं बरं होतं. त्यांनी दोन आवाजांमधला हा सांधा लपवलाच नाही, उलट त्यावरच उड्या मारल्या. १९६१च्या 'झुमरू'त लोकांनी त्यावर माना डोलावल्या. मी तेच करतो, तर बुवा पेटीचा भाता मिटतात.

परवा मात्र नवल घडलं. षड्ज, रिषभ, गांधार, परत रिषभ, षड्ज. सांधा कुठे आला आणि कुठे गेला, माझं मलाच कळलं नाही. डोळे मिटून पुन्हा वर गेलो. पुन्हा तेच.

तेवढ्यात आतून "अगं बाई!" ऐकू आलं. दूध उतू गेलं होतं.