बुडबुडा बोलेपर्यंत

रविवारी जुहूच्या वाळूत पँट गुडघ्यापर्यंत दुमडत काकांनी विचारलं, "काय रे, हे पाणी तपासतात ना?"

तपासतात, काका. अगदी शास्त्रोक्त. फक्त निकाल आपल्याला जुलाब होऊन, थांबून, पुन्हा भूक लागल्यावर कळतो.

नियम सोपा. समुद्रस्नानाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, १०० च्या वर नकोत. कटिंगच्या ग्लासाएवढ्या पाण्यात शंभर! तेवढे चालतात.

आता हे जंतू मोजायचे कसे? नमुना थोडाथोडा काचेच्या नळ्यांत घालतात. प्रत्येक नळीत एक चिमुकली नळी उलटी बुडवलेली. मग ऊब द्यायची आणि त्या चिमुकलीत वायूचा बुडबुडा येतो का, हे बघत बसायचं. २४ तास. नाही आला तर ४८. आलाच, तर खात्रीसाठी ४४.५ अंशांवर आणखी २४. मग किती नळ्यांत बुडबुडे आले ते मोजून तक्त्यात आकडा शोधायचा. त्या आकड्याचं नाव 'सर्वाधिक संभाव्य संख्या'. घरगुती मराठीत, 'असतील बहुधा'. पाच-पाच नळ्यांच्या नेहमीच्या तक्त्यात सगळ्याच नळ्या बुडबुडल्या, की उत्तर '१६०० हून जास्त'. किती जास्त? तक्ता संपला. तोवर दिवसाला दोन या हिशेबाने सहा भरत्या येऊन गेल्या, आणि तपासलेलं पाणी बहुधा मांडव्याला पोचून तिथल्या काकांच्या गुडघ्याला लागलं.

बुडबुड्यावर माझा राग नाही. बिचारा तीन दिवसांत बोलतो तरी. तो बोलल्यावर माणसं गप्प बसतात, त्याची चीड येते. आकडा पीडीएफमध्ये जातो आणि सतराव्या पानावर झोपतो. वाळूवर फलक असतात ते सुशोभीकरणाचे, उद्घाटकांच्या हसऱ्या चेहऱ्यांचे. अरे, गोळेवाला रोज पाटीवर भाव लिहितो! तशीच एक पाटी लावा ना: नमुना अमुक तारखेचा, आकडा अमुक, पोरांना पाण्यात सोडू नका. खडूला किती खर्च येतो? शहराची घाण समुद्रात सोडायला नळ आहेत, पंप आहेत, निविदा आहेत. ती सोडल्याचं सांगायला मात्र एक खडू मिळत नाही.

तोवर काका, एवढंच पाळा. जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नका. आणि नाला वाळू कापत समुद्राला मिळतो, तिथे तर कधीच नको. तिथले बुडबुडे बघायला नळी लागत नाही.